आता माझा आउट धरा

४ जानेवारी

चि.

एवढंच लिहून बराच वेळ थांबले. पुढे तुझं घरातलं नाव लिहावं तर ते तुला आवडत नाही, आणि शाळेतलं लिहावं तर बँकेचं पत्र वाटतं. तेव्हा सध्या नुसतं चिरंजीव. पुढची जागा तू भर.

आधी घाबरू नकोस. मी ठणठणीत आहे, फक्त बोलायला बंदी आहे. घशात गाठ निघालीय. साधीच आहे, पण काढावी लागणार. तोवर मौन, काढल्यावर पुन्हा मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानं म्हणे गळ्याला जास्त त्रास होतो. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं जिचं सगळं आयुष्य गेलं तिच्या वाट्याला हे यावं, म्हणजे देवालाही विनोद कळतो म्हणायचं.

गळ्याचे डॉक्टर तुझ्याहून लहान आहेत. त्यांनी माझ्या घशात आरसा घातला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे लिंबू इथे राहतो तर." दर रविवारी रेडिओवर माझा लिंबू ऐकत मोठे झालेत बिचारे. मग आरसा काढून गंभीर झाले. ही गाठ त्या लिंबूनेच केली आहे, म्हणाले. माझ्या वयाच्या बाईने पाच वर्षांच्या मुलाच्या आवाजात इतकी वर्षं बोलत राहायचं नसतं. आता त्या आवाजाचं नाव काढायचं नाही. मी पाटीवर लिहून विचारलं, आणि माझा स्वतःचा आवाज? तर म्हणाले, राहील, पण कसा राहील ते आत्ता सांगता येणार नाही. खाली येईल, थोडी खरखर राहील.

पाटी मी तुझीच घेतलीय, माळ्यावर होती. किराणावाल्याला पाटीवर लिहून दाखवते तर तो पाटी माझ्या हातातून घेतो आणि खाली उत्तर लिहितो. मी बहिरी नाही रे बाबा, हे लिहायला मग पाटीवर जागा उरत नाही.

आता मुद्द्याचं. शस्त्रक्रियेनंतरचं मौन सुटलं की सुरुवातीला दिवसाला पाच मिनिटं बोलायची परवानगी आहे. ती पहिली पाच मिनिटं मला तुझ्याशी बोलायची आहेत. तुझे बाबा गेल्यापासून, म्हणजे सहा वर्षं, तू माझा फोन घेतलेला नाहीस. तक्रार नाही करत, आहे ते लिहिते. तारीख ठरली की कळवीन. तू फोन घेशील का, एवढंच सांग.

तुझी आई


१७ जानेवारी

चि.

(जागा अजून रिकामीच.)

उत्तर नाही. असो. तू शेवटी तुझ्या बाबांचाच मुलगा. शाळेत मुलांना गणिताच्या पायऱ्या लिहा, पायऱ्या लिहा म्हणून ओरडायचे आणि घरी विचारलं तर नुसतं उत्तर द्यायचे. तेही अर्धं.

काल स्टुडिओत जाऊन आले. तोंड बंद असलं तरी अंगाच्या सवयी सुटत नाहीत. चपला बाहेर काढल्या आणि अनवाणी आत गेले, कारण चपलेचं करकरणं माइक पकडतो. टेबलावर जाड चादर अजून तीच आहे, कागद सळसळू नयेत म्हणून टाकलेली. आमच्या निर्मात्या बाईंनी माझ्या जागी एक मुलगी पाहिलीय. पंचविशीची असेल. ती माझ्या स्टुलावर बसली, लाल दिवा लागला आणि तिने लिंबू काढला. हुबेहूब. डोळे मिटले असते तर मला वाटलं असतं मीच बोलतेय. रेकॉर्डिंगवाला काचेमागून माझ्याकडे बघत होता. मला आनंद व्हायला हवा होता, आणि मी तिची चूक शोधायला लागले.

एकच गोष्ट चुकत होती तिची. ती वाक्य संपल्यावर श्वास घ्यायची. मी पाटीवर लिहिलं, श्वास मधे घे. ती बघतच राहिली. मग तिला लिहून लिहून समजावलं. लहान मुलाचा आवाज म्हणजे बारीक आवाज, असं सगळ्यांना वाटतं. ते खरं नाही. आत हवा किती आहे ते न बघताच मूल वाक्य सुरू करतं आणि मधेच अडकतं. "मला ना ती लाल" इथे श्वास, मग "गाडी पाहिजे." मोठी माणसं आधी श्वास बघतात आणि मग बेताचं वाक्य काढतात. मी हे तुझ्याकडून शिकले. तू स्वयंपाकघरातल्या स्टुलावर उभा राहून बोलायचास आणि दर वाक्याच्या मधे बुडालेला माणूस वर यावा तसा वर यायचास.

हल्ली जिना चढून आले की माझंही तसंच होतं. पाच वर्षांचा तू आणि सदुसष्ट वर्षांची मी, दोघं एकाच जागी श्वास घेतो. मधली वर्षं तेवढी माणूस वाक्य पुरं करतो.

त्या मुलीने विचारलं, लिंबू कुणावरून घेतलात? मी लिहिलं, शेजारच्या एका मुलावरून. खोटं का लिहिलं कुणास ठाऊक. तुला बरं वाटलं असतं म्हणून असेल.

तुला ती सकाळ आठवत नसणार. तेव्हाच्या निर्मात्यांना खरं मूल हवं होतं, म्हणून मी तुला घेऊन गेले होते. एकच वाक्य म्हणायचं होतं. गल्लीतली मोठी मुलं तुला लिंबूटिंबू म्हणून खेळायला घ्यायची. तुझा आउट धरायचे नाहीत, आणि त्याचा तुला कोण अभिमान. दिसेल त्याला सांगत सुटायचास. तेच वाक्य मी निर्मात्यांना सांगितलं होतं आणि ते हसून हसून लोटपोट झाले होते. माइकसमोर मात्र तू माझा पाय धरून उभा राहिलास आणि तोंडातून ब्र काढेनास. तुला धीर यावा म्हणून मी खाली बसले आणि तुझ्याच आवाजात म्हणाले, "मी लिंबूटिंबू आहे. माझा आउट धरत नाहीत." लाल दिवा चालू होता. निर्माते काचेमागून म्हणाले, आता मुलाला घरी पाठवलंत तरी चालेल.

तू बोलायच्या जागी मी बोलले. पुढे छत्तीस वर्षं बोलतच राहिले.

आई


२ फेब्रुवारी

चि.

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, दोन ओळी. "पत्रं मिळाली. तब्येतीला जप. फोनवर कोणत्या आवाजात बोलणार आहेस?"

पहिल्यांदा मला राग आला. बोलता येत नसलं की राग कुठे काढायचा हा मोठाच प्रश्न असतो. मी घरातली सगळी भांडी घासली, स्वच्छ होती तीसुद्धा. मग पुन्हा पत्र वाचलं. प्रश्न बरोबर आहे. विचारायचा अधिकार तुला नाही तर कुणाला?

त्या दिवसाबद्दल आपण कधीच बोललो नाही, म्हणून आता बोलते. दवाखान्याच्या खिडकीवर फोन होता. तुझा फोन आलाय म्हणून मला बोलावलं. बाबांना जाऊन जेमतेम अर्धा तास झाला असेल. तू विचारलंस, "आई, बाबा कसे आहेत?" मी तोंड उघडलं आणि आवाज आलाच नाही. पुन्हा उघडलं. काही नाही. आणि मग तो आला. "बाबा गेले," असं लिंबू म्हणाला.

तू म्हणालास, आई असं नको ना, तुझ्या आवाजात सांग. आणि त्याच आवाजात मी म्हणत राहिले, तू ये ना, लवकर ये ना. खिडकीतली नर्स माझ्याकडे बघत होती. मला थांबता येईना.

तू आलास. सगळं केलंस, आल्यागेल्याचं बघितलंस, खुर्च्यासुद्धा स्वतः परत करून आलास. माझ्याशी कामापुरतं बोललास आणि गेलास. तुला वाटलं, आईने बाबांच्या मरणाचंही सोंग केलं. तसं नव्हतं रे. माझ्या स्वतःच्या आवाजाला त्या दिवशी ते वाक्य उचलत नव्हतं. लहान पोर बघ, जड वस्तू दिसली की उचलायला धावतं, कारण वजन काय असतं तेच त्याला ठाऊक नसतं. तसा तो पुढे झाला.

हे मी स्वतःला सोडवायला लिहीत नाहीये. कसं झालं ते तुला ठाऊक असावं म्हणून लिहिते. तुझी बाजू कळायला मला बराच वेळ लागला. पस्तीस वर्षांच्या माणसाला बाप गेल्याची बातमी मिळाली, ती त्याच्याच पाच वर्षांच्या आवाजात. त्याने कुणाला धरून रडायचं? माइकच्या या बाजूला जन्म काढलेल्या माणसांना ऐकणाऱ्याचं काय होतं ते सहसा कळत नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: माझ्या आवाजात. तो कसा असेल ते मला अजून माहीत नाही आणि त्याची मला भीती वाटते. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तसं झालंय, लिंबूला सगळं गाव ओळखतं आणि त्याच्या आईचा आवाज तिलाच आठवत नाही.

आणि एक. मी म्हातारी, आजारी, म्हणून सोडून दे, असं करू नकोस. मला लिंबूटिंबू म्हणून खेळायला घेऊ नकोस. माझा आउट धर. पण खेळात घे.

आई


११ फेब्रुवारी

चि.

सूनबाईंनी छोटीचा फोटो पाठवला. बेसिनसमोर उभी राहून तोंड वासून आरशात बघतेय. खाली लिहिलंय की एक दात हलतोय आणि ती कुणाला हात लावू देत नाही. पाच पूर्ण झाली म्हणजे तिला. मी तो फोटो पाटीशेजारी ठेवलाय.

त्या फोटोने माझ्या डोक्यात किडा सोडला. मी स्टुडिओत गेले आणि निर्मात्या बाईंसमोर पाटी धरली: लिंबूचा दात पाडायचा. त्यांना आधी कळेचना. मग म्हणाल्या, अहो, मुलांना तो पाचाचाच आवडतो. मी लिहिलं, मुलं पाचाची राहतात कुठे?

तू नऊ वर्षांचा होतास तेव्हा हेच विचारलं होतंस. रविवारी सकाळी रेडिओजवळ बसून दूध पीत होतास. म्हणालास, आई, तो मोठा कधी होणार? मी म्हणाले, पुढच्या वर्षी. दहाव्या वर्षी पुन्हा विचारलंस, मी पुन्हा तेच सांगितलं. नंतर तू विचारणं सोडलंस आणि रविवारी सकाळी घराबाहेर पडायला लागलास. पुढे तुझा आवाज फुटला. तुला आठवत असेल, लोक घरी फोन करायचे आणि तू उचललास की म्हणायचे, लिंबू आहे का, त्याला द्या ना. तू फोन टेबलावर ठेवून निघून जायचास. तुझे बाबा एकदाच म्हणाले होते, "तू घरात एकाला वाढू देत नाहीयेस, त्यात दुसऱ्याचीही वाढ अडकतेय." मी म्हणाले, इश्श, नुसता कार्यक्रम आहे तो. कळत होतं, वळत नव्हतं.

तर शेवटचा भाग मी लिहिला. साधा आहे. लिंबूचा दात पडतो. पडलेल्या दाताच्या खिडकीतून बोलताना शब्द घरंगळतात म्हणून तो सगळा दिवस गप्प बसतो. संध्याकाळी गल्लीत खेळ सुरू होतो, मोठी मुलं नेहमीप्रमाणे म्हणतात, हा लिंबूटिंबू. आणि तो म्हणतो, "नाही. मी सहा वर्षांचा आहे. आता माझा आउट धरा." बस. इथे तो संपला. पुढच्या रविवारपासून त्या मुलीने तिचा स्वतःचा कुणीतरी काढावा, तिच्या ओळखीतलं मूल घ्यावं.

निर्मात्या बाईंनी वाचलं आणि चष्मा काढून पुसत बसल्या. मग म्हणाल्या, शेवटचं वाक्य मात्र तुम्हीच म्हणायचं. भाग थेट जाऊ दे, तुमचं मौन सुटेल त्या रविवारी ठेवू. एवढंच वाक्य, बाकी सगळं ती म्हणेल.

मी डॉक्टरांना विचारलं. त्यांच्यातला डॉक्टर आणि रविवारी ऐकणारा मुलगा यांची आत मारामारी चाललेली दिसत होती. शेवटी म्हणाले, एका वाक्याने तुमचा जीव जाणार नाही. पण नवी जखम असते, पहिला आवाज ज्या वळणाने न्याल तेच वळण गळा धरून बसेल. पुन्हा सरळ करायला वर्ष जाईल. कदाचित होणारही नाही.

खोटं कशाला सांगू, मला मोह झाला. अजून आहे. इतकी वर्षं ज्याला पोसलं त्याला निरोप दुसऱ्या कुणीतरी द्यायचा, हे पचत नाही. परवा शस्त्रक्रिया आहे. तुला मी पहिली पाच मिनिटं देते म्हणाले होते. म्हणाले होते ते लक्षात आहे, एवढंच आज लिहिते.

आई


१ मार्च

चि.

गाठ काढली. डाळीच्या दाण्याएवढी होती. एवढ्याशा गोष्टीसाठी केवढा गाजावाजा.

घर शांत आहे, तुझ्या बाबांच्या वेळी असायचं तसं. ते बोलायचे तेव्हाही आतल्या खोलीत कुणीतरी टेबल सरकवतंय असं वाटायचं. त्यांच्याशी फोनवर बोलणारा माणूस नेहमी विचारायचा, ऐकू येतंय ना? परवा स्वप्नात त्यांचा आवाज आला. काय म्हणाले ते कळलं नाही, आवाज तेवढा होता.

शेवटचं वाक्य ती मुलगीच म्हणणार आहे. मी निर्मात्या बाईंना तसं लिहून दिलं. त्या रुसल्या आहेत. लोक काय म्हणतील, इतक्या वर्षांचा लिंबू आणि शेवटी परक्या तोंडून बोलला. मी लिहिलं, मूल मोठं झालं की असंच होतं, बाई, ते परक्यासारखंच बोलायला लागतं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि पाटी परत दिली. त्यांचा मुलगा सोळाचा आहे.

मी घरी बसून ऐकीन. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करीन आणि तुला फोन लावीन. आवाज आधी भिंतीशीसुद्धा काढून बघणार नाही. सूनबाई म्हणतात, रविवारी तुम्ही सगळे घरीच आहात. तू उचललास तर बोलेन. नाही उचललास तर पाच मिनिटं थांबून चहा करीन.

आई


९ मार्च, सोमवार

चि.

काल फोन तुझ्या मुलीने उचलला. तू अंघोळीला गेला होतास, हे तिनेच सांगितलं. तिने तुला काय सांगितलं आणि काय गाळलं ते मला माहीत नाही, म्हणून सगळं लिहिते.

आधी कार्यक्रमाचं. त्या मुलीने वाक्य छान म्हटलं. "आता माझा" म्हणाली, मधेच श्वास घेतला, आणि "आउट धरा." मी रेडिओ बंद केला. रडले थोडी. मग पाणी प्यायले आणि नंबर फिरवला.

"कोण बोलतंय?" तिने विचारलं.

मी तोंड उघडलं. जो आवाज आला तो मी जन्मात ऐकलेला नव्हता. जाडसर, मधून हवा सुटणारा, दार अर्धं उघडं राहिल्यासारखा. "मी आजी. तुझ्या बाबांची आई."

"माझी आजी खाली राहते."

"ती आईची आई. मी दुसरी."

तिने जरा विचार केला. "तुमचा आवाज असा का आहे?"

"म्हातारा झालाय."

"बरं," ती म्हणाली. पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. "मी ठेवू का फोन?"

तुला सांगते, त्या क्षणी लिंबू माझ्या गळ्यापर्यंत आला होता. मला ठाऊक होतं, एक वाक्य त्या आवाजात म्हटलं की ही पोर फोन सोडणार नाही. आजवर एकाही मुलाने सोडलेला नाही. जीभ टाळ्याला लागलीसुद्धा होती. मी गिळून टाकलं. दुखलं.

मग माझ्याच खरखरीत आवाजात विचारलं, "तो दात हलतोय ना अजून?"

झालं. बांध फुटला. तो दात सकाळी कसा असतो आणि रात्री कसा, जीभ लावली की कुठे जातो, आईने दोरा काढला होता तेव्हा ती पलंगाखाली किती वेळ बसली होती, सगळं सांगितलं तिने. मधेमधे श्वासाला वर येत होती. मी तिला सांगितलं की माझेही दोन दात हलतात. ती म्हणाली, "मग तू पण नवीन येईपर्यंत थांब." मी म्हणाले, माझे आता नवीन यायचे नाहीत. तर म्हणाली, "येतात. सगळ्यांना येतात." बोलता बोलता तुम्हीचं तू झालं होतं. आणि आम्ही दोघी एकाच जागी अडकत होतो, एकाच जागी श्वास घेत होतो. तिला ते कळलं नाही. मला कळलं.

मग तिने विचारलं, "तू इतके दिवस कुठे होतीस?"

"इथेच होते," मी म्हणाले. "फार बोलत होते, त्यात राहून गेलं."

तिला ते पटलं. मुलांना पटतं.

तेवढ्यात तिच्या मागून एका माणसाचा आवाज आला. "कुणाशी बोलतेस गं?" खालच्या पट्टीतला, आतल्या खोलीत कुणी टेबल सरकवावं तसा. मी खाली बसले. क्षणभर मला वाटलं, तुझे बाबा. मग वाटलं, वेड लागलंय का, कुणी पाहुणे असतील. मी तिला विचारलं, "घरी कोण आलंय?"

"कुणी नाही," ती म्हणाली. "बाबा आहेत."

सगळा जन्म आवाजांवर काढलेली बाई मी. तुझा पाच वर्षांचा आवाज छत्तीस वर्षं गळ्यात सांभाळला, आणि एकेचाळीस वर्षांचा तुझा आवाज पाहुण्याचा समजले.

तू फोन घेतलास आणि म्हणालास, "आई?" माझी पाच मिनिटं दातात संपली होती. मी घड्याळाकडे बघितलं आणि ओठ घट्ट मिटले. मला भीती वाटली की तुला वाटेल फोन तुटला. पण तू म्हणालास, "वेळ झाली असेल तर बोलू नकोस. मी बोलतो."

आणि बोललास. मी भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते. तू बांधतोयस त्या नदीवरच्या पुलाचं काम अडकलंय ते सांगितलंस. चष्म्याचा नंबर वाढलाय, जिना उतरताना गुडघा वाजतो. छोटी झोपेत बोलते आणि तू उठून ऐकत बसतोस, काय म्हणते ते कळत नाही. सकाळचा कार्यक्रम तिने ऐकला, तू दाराबाहेर उभा राहून ऐकलास, आणि शेवटचं वाक्य झालं तेव्हा तिथून हललास. "बरं केलंस," म्हणालास. तू वाक्यं पुरी करतोस, श्वास शेवटी घेतोस, मोठ्या माणसासारखा. एकदाच श्वास मधे तुटला. "बाबा गेले तेव्हा मला" म्हणालास, तिथे. मी तुझ्या पुढच्या शब्दाची वाट बघितली. मधे बोलले नाही. पूर्वी मी नक्की बोलले असते. तू थोडा थांबलास आणि म्हणालास, "मला तुझा आवाज हवा होता, एवढंच."

शेवटी तू विचारलंस, "आई, ऐकतेस ना?"

मी मान हलवली. इतकी वर्षं रेडिओत काढून मी फोनवर मान हलवली.

पलीकडून हसल्यासारखा आवाज आला. म्हणालास, "मान हलवलीस वाटतं."

हो रे. हलवली.

तुझी आई